जुने कॉन्सर्ट आकाराचे युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य) ३५०० ला: भाव बरोबर आहे का?

तापीकाठ (भुसावळ): विकणारा म्हणतो, वरची फळी अख्ख्या महोगनीची. हेच मॉडेल नवे ६००० ला आहे. घ्यावे का?

धुळेकर: भाऊ, आधी साउंडहोलची (वरच्या फळीतल्या गोल भोकाची) कड बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर लाकूड अख्खे. थर दिसले तर प्लाय (थर चिकटवून केलेली फळी). प्लायला नव्याच्या निम्म्याच्या वर देऊ नका. मग प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून ट्यूनर (सूर दाखवणारे यंत्र) लावा. सूर तोच, एक सप्तक वर यायला हवा. चढा आला तर तारा थकलेल्या असतील किंवा फार उंच. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासावी लागेल.

केळीबाग (रावेर): आपल्याकडे खरा घात उन्हाळा करतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (मानेवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत. त्यांची टोके बाहेर येऊन बोचतात. मानेच्या कडेने बोट फिरवून बघा. टोके घासता येतात, तेवढे पैसे कमी करा. पण ब्रिजखाली (वरच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याखाली) कागद शिरला तर गोंद सुटलाय, सरळ सोडून द्या.

तापीकाठ: कडेला तीन थर स्पष्ट दिसतात. म्हणजे ३००० च्या वर नाही, तेही कागद शिरला नाही तरच.