मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशनआधी सुन्न करायचा ब्लॉक द्यावा काय?

आज्जी ८१ वर्षांची, खानापूरची, न्हाणीत पडून खुबा मोडलाय. बेळगावात अ‍ॅडमिट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू होती म्हणून ऑपरेशन परवावर गेलंय. कूस बदलली की ओरडालीय. दुखणं कमी व्हायला सलाईनमधनं पॅरासिटामॉल आणि वर ट्रामाडॉल हे जास्त जोराचं औषध चालू आहे, पण ट्रामाडॉलनंतर काल रात्री मलाच ओळखेना, भिंतीकडं बघून म्हशीला हाका मारत होती, सकाळी परत ठीक. आधी विसरभोळेपणा नव्हता, सोडियम, शुगर नॉर्मल, चष्मा आणि कानाचं मशीन जवळच ठेवलंय. दुसऱ्या दवाखान्यात हलवणं जमणार नाही. मांडीच्या वर फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणून सुन्न करायचं इंजेक्शन ऑपरेशनआधीच देतात म्हणे, त्यानं ट्रामाडॉलसारखी औषधं कमी लागतात. उद्या सकाळी भूलतज्ज्ञांना विचारणार आहे. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाला हा ब्लॉक ऑपरेशनआधी दिलाय काय, ऑपरेशननंतर बडबड, भ्रम कमी राहिला काय, आणि रक्त पातळ करायच्या गोळीचा असर असताना देतात काय?