नदीकाठच्या जुन्या घराला पाणचक्कीचे चाक बसवावे का?

प्रश्न : सिंदफणाकाठ
मुलीकडे इंग्लंडला गेलो असता आम्ही चार दिवस नदीकाठच्या एका जुन्या पाणचक्कीत राहिलो. दळण बंद पडल्यावर तिचे पर्यटकांसाठी घर केलेले होते. जेवायचे टेबल जात्याच्या दगडाशेजारी मांडलेले आणि भिंतीपलीकडे रात्रभर पाण्याचा आवाज. गावी सिंदफणेच्या काठावर आमचे आजोबांच्या वेळचे, चुन्यात बांधलेले दगडी घर पडीक आहे. ते दुरुस्त करून, बाजूला लाकडी चाक बसवून पाहुण्यांना राहायला द्यावे, असे मनात आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : खामकाठ
चाकाचा हट्ट सोडावा. तिकडच्या नद्या बारमाही असतात. सिंदफणेचे उन्हाळ्यात काय होते, ते आपण जाणताच. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की खाम नदीच्या काठावर असली तरी ती खामच्या पाण्यावर चालत नसे. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारापर्यंत आणून, उंच भिंतीवर चढवून खाली सोडले जाई आणि त्या धारेने पात्यांचे आडवे चाक व त्याच्या आसावरचे जाते फिरे. फकिरांचे आणि वाटसरूंचे पीठ त्यावर निघत असे. स्कॉटलंडमधल्या टँगी मिल या जुन्या पाणचक्कीचे निवासस्थान करताना लँडमार्क ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने आतली यंत्रे जागेवरच ठेवली, पण ती मूळचीच होती. आपले चाक मात्र उपरे दिसेल.

उत्तर : चुनाभट्टी
चाकापेक्षा पूररेषेचे आधी पाहा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर निळ्या रेषेच्या आत येत असेल, तर पुढचा खर्च विसरावा. दुसरे, गवंडी सिमेंट सुचवेल, ऐकू नका. आमच्या वाड्याच्या ओसरीला मी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ओल आतच कोंडली आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे हाताने निघू लागले. शेवटी सगळा खरवडून चुनाच वापरावा लागला, तोही भिजत घालून मुरवलेला.

सिंदफणाकाठ
दोघांचे आभार. काल जाऊन पाहिले, तर मागच्या भिंतीवर जुन्या पुराचा गाळ उंबऱ्यापासून दोन वीत वर वाळलेला आहे. त्यामुळे गवंड्याआधी जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा मागवतो. चाक रद्द, मात्र माजघरात आजीचे जाते अजून खुंट्यासकट शाबूत आहे, ते जागचे हलवणार नाही.