वुली बगर ही माशी नव्हे म्हणे!

गळटोक (कोपरी): परवा इथे कुणीतरी लिहून मोकळं झालं, की वुली बगर ही माशीच (म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेलं नकली आमिष) नव्हे, ते पिसं गुंडाळलेलं जिग (वजनदार डोक्याचा गळ), ते लावून चिलापी धरणाऱ्यांनी स्वतःला फ्लायफिशर म्हणवू नये. अहो, 1967 मध्ये पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंगने हे बांधलं तेच हेलग्रामाइट अळीची नक्कल म्हणून. शेपटीला मॅराबू हे मऊ पीस, अंगाला शेनील हा केसाळ धागा, वरून फिरवलेलं कोंबड्याचं पीस. ओढ थांबवली तरी मॅराबू हलतच राहतो. माशाला अळी वाटो नाहीतर जळू, तोंड घालतो ना?

कोरडी_माशी (घोडबंदर रोड): तेच तर! जी कशाचीही नक्कल म्हणून खपते ती नक्कल कसली? हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट वर येऊन तरंगती माशी उचलतो ते बघा एकदा, मग बोला.

गळटोक: तिकीट तुम्ही काढा, येतो. तोवर आमच्या नशिबी चिलापी आणि मरळ.

खाडीकाठ (दिवाळे): माशी गेली खड्ड्यात. फोटो काढून चिलापी परत सोडता ना दोघं? 1952 मध्ये देशात आणलेला आफ्रिकेचा मासा तो. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, मग वाढणार नाहीतर काय! आजोबा गावाच्या तळ्यात मरळ, शिंगटी धरायचे. आता गळाला चिलापीच. सोडू नका, खा.

कोरडी_माशी: विसर्जनाच्या तळ्यातला मासा? तुम्हीच खा.

खाडीकाठ: तुमच्या टॉवरचं सांडपाणी कुठे जातं ते आधी विचारा. कोळ्याच्या पोराने जाळं टाकलं की हटकतात, तुम्ही महागडी काठी घेऊन उभे राहिलात की तो छंद!

गळटोक: विषय माशीचा आहे हो.

खाडीकाठ: तुमचा असेल.

येऊरवाली: पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तरंगती माशी दिसणार कुणाला? काळा बगर, डोक्याला पितळी मणी, तळालगत हळूहळू ओढायचा. आमचे सासरे पक्के गांडूळवाले, तेही हसायचे थांबले.

कोरडी_माशी: मणी लावला म्हणजे जिगच. कबुलीबद्दल आभार.

येऊरवाली: मूळ बांधणीत मणी नव्हताच. आता?

कोरडी_माशी: बरं बाई, बिनमण्याची असेल तर माशी. झालं समाधान? पण चिलापीचं तोंड केवढं, तुम्ही लावता आठ नंबरचा गळ! बारा लावा, तो लहान असतो.

गळटोक: आणि बारावर मरळ आली तर?

कोरडी_माशी: गळ सरळ करून जाईल. मग लिहा इथे असंच लांबलचक.