वूड स्टोव्हची चिमणी: खर्चाचा अंदाज कसा काढलात? अनुभव सांगा

पुढच्या थंडीआधी घरात लाकडाचा स्टोव्ह बसवायचं ठरलंय. स्टोव्ह पसंत पडला, किंमत कळली, आणि बजेट झालं असं वाटलं. मग चिमणीची चौकशी केली तर तिघांनी तीन आकडे दिले. सगळ्यात मोठा आकडा लहान आकड्याच्या दुपटीहून जास्त. एकाने सामानासकट सांगितलंय, दुसऱ्याने नुसती मजुरी, तिसऱ्याने छतावरचं काम धरलेलंच नाही. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दर सगळीकडे वेगळे असणार, त्यामुळे आकड्यांपेक्षा खर्च कशाने वाढला आणि कशाने वाचला ते सांगितलंत तर खूप मदत होईल.

*

आमच्याकडे स्टोव्हपेक्षा चिमणीवर जास्त पैसे गेले. मी स्टोव्हपासून छतापर्यंतचं अंतर मोजून तेवढ्याच पाइपचा हिशेब केला होता. खरा हिशेब छताच्या वर सुरू होतो. आमच्या इन्स्टॉलरने 3-2-10 चा नियम समजावला: पाइप छतातून जिथे बाहेर पडतो तिथून किमान 3 फूट वर हवा, आणि आडव्या अंतराने 10 फुटांच्या आत छताचा जो भाग येतो त्याच्यापेक्षा किमान 2 फूट उंच हवा. आमच्या छताला दर फुटाला 6 इंच चढ. स्टोव्ह बाहेरच्या भिंतीपाशी, म्हणजे वळचणीजवळ ठेवायचा होता. तिथून 10 फूट आत छत 5 फूट चढतं. त्यात 2 मिळवा, म्हणजे छतावर 7 फूट पाइप उभा! 5 फुटांच्या वर पाइप गेला की वाऱ्यासाठी टेकू लावावे लागतात, ते वेगळेच.

शेवटी स्टोव्ह आढ्याजवळ आणला. एकूण लांबी फारशी कमी झाली नाही, पण बराचसा पाइप घरात आला. आमच्याकडे माळा नाही, आत थेट वासे दिसतात, त्यामुळे छतापर्यंत साधा जोडपाइप (स्टोव्हला चिमणीशी जोडणारा आतला पाइप) चालला आणि महागडा इन्सुलेटेड पाइप फक्त छतातून वर लागला. आतला पाइप उबदार राहतो म्हणून धुराला ओढही चांगली मिळते.

अजून एक. छत कापण्याआधी त्यांनी वरून ओळंबा सोडला. दोरी बरोबर एका वाशाच्या कडेला घासत होती. स्टोव्ह 4 इंच सरकवला आणि वासा कापणं किंवा दोन एल्बो घालणं, दोन्ही वाचलं. मी ती दोरी विसरणार नाही.

*

आमच्या घरात जुनी विटांची चिमणी होती, म्हणून चिमणीचा खर्च शून्य धरला होता. आतून कॅमेरा घातला तेव्हा मातीच्या नळ्यांना तडे दिसले. शिवाय स्टोव्हचं धूर बाहेर सोडणारं तोंड 6 इंची आणि चिमणी त्याहून खूप रुंद. रुंद पोकळीत धूर थंड होतो आणि डांबरासारखी काजळी धरते, आग लागते ती तिलाच. वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लाइनर, म्हणजे चिमणीच्या आत बसणारी नळी, टाकावा लागला. जुनी चिमणी असेल तर स्टोव्ह घेण्याआधी तपासणी करून घ्या, हे अगदी कळकळीने सांगते.

*

भिंतीतून पाइप बाहेर काढला तर छताला हात लागत नाही, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला. फ्लॅशिंग (छताच्या भोकाभोवती पाणी अडवणारा पत्रा) नाही, गळतीची धास्ती नाही. पण बाहेर खालपासून वरपर्यंत सगळाच इन्सुलेटेड पाइप, खाली सफाईच्या झाकणाचा टी, भिंतीवर ब्रॅकेट, आणि उंचीचा नियम काही सुटत नाही. कोटेशन छतातून नेण्याइतकंच झालं. बाहेरचा पाइप गार असतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पेटवताना धूर आधी खोलीत येतो. आता मी आधी एक कागद पेटवून पाइपच्या तोंडाशी धरतो, ओढ सुरू झाली की मगच लाकूड. पुन्हा बांधायचं झालं तर मी छतातूनच नेईन.

*

थोडक्यात लिहितो. स्वस्त म्हणून एकपदरी जोडपाइप घेतला. त्याला लाकडी भिंतीपासून 18 इंच अंतर लागतं, त्यामुळे स्टोव्ह खोलीच्या मध्यात आला. दुपदरी पाइप बहुतेक 6 इंचांवर चालतो. माझे पैसे दोनदा गेले. अंतर पाइपच्या आणि स्टोव्हच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, तेच धरा.

*

मी स्वतः बसवला, छताचं काम मात्र मिस्त्रींना दिलं. सामानाची यादी करताना: प्रत्येक जोडात पाइप एकमेकांत थोडा शिरतो, म्हणून 3 फुटी चार तुकडे म्हणजे पुरे 12 फूट नव्हेत. दोन कंपन्यांचे इन्सुलेटेड पाइप एकत्र करू नका, लॉक वेगळे असतात. जोडपाइपचं आवळलेलं टोक स्टोव्हकडे, म्हणजे खाली हवं, नाहीतर ओली काजळी बाहेर ओघळते. यादीत सहज राहून जाणाऱ्या वस्तू: छताचा सपोर्ट, माळ्यातलं इन्सुलेशन पाइपपासून दूर ठेवणारं पत्र्याचं कवच, टोपी, स्टोव्हखालची न जळणारी फरशी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. परवानगी आणि तपासणीची फी पण धरा. माझ्या विमा कंपनीने तपासणीचा कागद मागितला होता. दर वर्षीची सफाई हा कायमचा खर्च आहे.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही कोटेशन परत पाठवून प्रत्येकाला आतला पाइप, इन्सुलेटेड पाइप, छताचं काम आणि तपासणी वेगवेगळं लिहून मागितलंय. सकाळी आम्हीही ओळंबा सोडला. दोरी थेट वाशाच्या मधोमध आली. डावीकडे 5 इंच सरकवलं तर वासा चुकतो, पण मग स्टोव्ह खिडकीच्या लाकडी चौकटीपासून 16 इंचांवर येतो. दुपदरी पाइप घेतला तरी स्टोव्हचं स्वतःचं अंतर वेगळं धरायचं ना? ज्यांचा स्टोव्ह खिडकीशेजारी आहे त्यांनी काय केलं?