केमोनंतर रात्री ताप, सकाळपर्यंत थांबावं का?

खानापूरकर: केमो बेळगावात, घर खेड्यात. दहाव्या दिवशी रात्री 100.6 ताप. पॅरासिटामॉल देऊन सकाळी निघालं तर चालेल?

सिस्टर, ऑन्कॉलॉजी: नको. 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, 100.4 फॅरनहाइटपासून तातडीच समजा. गोळीने ताप दबतो, संसर्ग नाही. आत्ताच डे-केअरच्या (जिथे केमो दिली त्या विभागाच्या) नर्सला फोन करा: केमोची तारीख, औषधं, हुडहुडी, पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत बसवलेली औषधाची नळी) आहे का, हे सांगा. पोचल्यावर आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी), मग तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक.

निपाणी: पिक लाइन फ्लश केल्यावर (सलाइन सोडून धुतल्यावर) थंडी वाजली तर संशय लाइनवरच. फ्लशला 10 मिलीचीच सिरिंज. लहानीने दाब वाढून नळी फाटू शकते. ड्रेसिंग दर 7 दिवसांनी, भिजलं की लगेच.

बेळगाव: हॉस्पिटलने दिलेलं केमोचं कार्ड कन्नड-इंग्रजीत असेल तर तापाचा आकडा आणि रात्रीचा नंबर सिस्टरांकडून मराठीत लिहून घ्या.