डाळ मिलमधील कामगारांना फ्लूची लस कोणत्या महिन्यात द्यावी?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी जळगाव एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये हजेरी आणि पगाराचे काम पाहतो. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर निवडीच्या खात्यातील एका ताईंना ताप भरला. रोज बुडू नये म्हणून त्या तीन दिवस तोंडाला पदर बांधून तशाच येत राहिल्या. आमच्याकडे बायका डाळ निवडायला अगदी खेटून बसतात आणि पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला स्टीलचा एकच ग्लास आहे. आठवडाभरात निम्मी ओळ रिकामी झाली, आणि त्यांतील एका गरोदर ताईंना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या बऱ्या झाल्या, परंतु ते दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

या वर्षी मालक सर्वांच्या लशीचा खर्च करायला तयार आहेत. ती कधी द्यावी, मिलमध्येच देता येईल काय, आणि ‘सुई घेतली की तापच येतो’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

भुसावळचा डॉक्टर

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, लहान, जानेवारी ते मार्चच्या सुमारास. लस घेतल्यावर शरीराला तयारीसाठी साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे किंवा फार तर जूनच्या सुरुवातीला ती टोचून झालेली असावी. विषाणू सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते प्रकार घ्यावेत हे वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, ठरवते. त्यामुळे मागच्या वर्षीची लस या वर्षी पुरत नाही. खोक्यावरचा हंगाम आणि मुदत स्वतः वाचून घ्या.

मिलमध्ये लस देता येते, पण मे महिन्यात आपल्या भागात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि ही लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते, हे विसरू नका. माझी खरी काळजी उन्हापेक्षा बर्फाची आहे. उन्हाच्या धास्तीने लोक लशी थेट बर्फात खुपसतात, आणि एकदा गोठलेली लस वितळली तरी ती टाकूनच द्यावी लागते. दवाखान्यातून निघालेला डबा उघडताना आतला तापमापक तुमच्यासमोर पाहायला सांगा. टोचल्यावर प्रत्येकाला निदान पंधरा मिनिटे सावलीत बसवा, आणि तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी असल्याशिवाय शिबिर सुरू करू देऊ नका.

सुईच्या लशीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एखादा दिवस कणकण असणे मात्र होते, आणि ते कामगारांना आधीच सांगावे; लपवले तर पुढच्या वर्षी कोणी दंड पुढे करणार नाही. लस म्हणजे अभेद्य कवच आहे असेही सांगू नका. लशीतील प्रकार चांगले जुळले, तर डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याची शक्यता साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते. गरोदर, दमा-मधुमेह-हृदयविकार असलेले आणि वयस्क हमाल यांची यादी आधी करा. गरोदरपणात ही लस चालते. गरोदर ताईंनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावी.

धुळ्याची सुपरवायझर

दादा, मी कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. आमच्याकडे सूचना फलकावर लावली होती, तेव्हा मोजकेच लोक आले. पुढच्या खेपेस मी स्वतः सर्वांसमोर आधी टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुखऱ्या दंडानिशी कामावर हजर राहिले, तेव्हा बायका आपणहून विचारू लागल्या. सक्ती करू नका, आणि लस साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी ठेवा.

हजेरीपट

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात पगाराची बाजू जोडतो, कारण मूळ दुखणे तिथेच आहे. ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी राज्य विमा योजनेत) नाव असलेल्या, म्हणजे सामान्यतः 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो, पण त्यासाठी पुरेसे अंशदान आणि त्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. शिवाय आजाराचे पहिले दोन दिवस एरवी त्यात धरले जात नाहीत. फ्लू सर्वांत जास्त पसरतो तो नेमका पहिल्या तीन-चार दिवसांत. त्या ताई तापात का आल्या, याचे उत्तर मला यात दिसते. ते दोन दिवस मालकांनी भरावेत आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच कामावर घ्यावे, असे लेखी ठरवून घ्या. मुकादमाच्या माणसांनाही हे लागू करा. विषाणू हजेरीचे रजिस्टर पाहून शिरत नाही.

तापीकाठ

सर्वांचा ऋणी आहे. दोन दिवसांच्या पगाराचा विषय माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो हिशेब मांडून सोमवारी मालकांपुढे ठेवतो. मुकादमाकडून नावे, वय आणि आजारांची माहिती मागवली आहे. ज्यांना ती मुकादमाला सांगायला संकोच वाटेल, त्यांनी थेट डॉक्टरांना सांगावी अशी सोय करतो. साखळीचा ग्लास काढून प्रत्येकाला आपली बाटली आणायला सांगितले आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना मिलकडून देऊ.