टीफॅम दर एमटीडीएनएमागे किती? माझं ४० येतंय, मदत हवी आहे

जिनोमवाली:
हेला (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या) पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात टीफॅम (तिथल्या डीएनएला चिकटणारं प्रथिन) किती ते काढायचंय, वेस्टर्न (जेलवर प्रथिन ओळखून मोजायची पद्धत) केला तर दर एमटीडीएनएमागे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या एका डीएनएमागे, ४०च्या आसपास येतंय, पेपरांत कुठे १००० तर कुठे ५०च्या आत, मग खरं काय धरायचं? परवा गाइडना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा:
स्टँडर्ड (तुलनेला माहीत मात्रेचं टीफॅम) कुठलं लावलं? कॉपी नंबर (पेशीत एमटीडीएनए किती) कसा काढला? लायसिस (फोडणं) कसं केलं? नुसत्या आकड्यावरून काय सांगणार.

आप्पा_६२:
मायटोकॉन्ड्रियासाठी कोएन्झाइम क्यू-टेन घ्या, मला फरक पडला.

पिपेटवाला:
आप्पा, पेशी फ्लास्कमधल्या आहेत, कोणी आजारी नाही.
१०००च बरोबर. एमटीडीएनए १६,५६९ बेसपेअरचा, म्हणजे दर १६-१७ला एक टीफॅम, अख्खा डीएनए झाकला जातो. साडेपाच मायक्रॉनचं वर्तुळ १०० नॅनोमीटरच्या न्यूक्लिऑइडमध्ये (डीएनए-प्रथिनांच्या गोळ्यात) ४० टीफॅमनी कसं बसेल?

कोकणकडा:
सगळ्या पेशींना एकच आकडा लावू नका. प्रमोटरवर बसून ट्रान्सक्रिप्शन सुरू करायला हजार लागत नाहीत.

पिपेटवाला:
अहो पण ते पॅकिंगलाच जास्त लागतं ना! आणि डीएनएला न चिकटलेलं टीफॅम लॉन प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) तोडून टाकतं, म्हणून तर ऱ्हो-झिरो (एमटीडीएनए नसलेल्या) पेशींत ते एकदम कमी होतं.

सातारी_सेल:
पोलआरमॉट आणि ट्विंकल ही मायटोकॉन्ड्रियातली दुसरी प्रथिनंपण मोजा, मजा येईल.

जिनोमवाली:
आत्ता फक्त टीफॅम हो. स्टँडर्ड शुद्ध रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेलं) टीफॅम, बफरमध्ये. मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून ट्रायटनने (सौम्य डिटर्जंट) लाइज, स्पिन, सुपरनेटंट (वरचा द्रव) जेलवर. कॉपी नंबर अख्ख्या पेशींच्या डीएनएवर क्यूपीसीआर (डीएनए मोजायची चाचणी) करून.

कोकणकडा:
मग ताई, तिथेच बघा. सौम्य डिटर्जंटमध्ये न्यूक्लिऑइड सगळे सुटत नाहीत, स्पिन केलं की टीफॅम पेलेटमध्ये (तळाच्या गाळात) जाऊ शकतं, आणि तुम्ही पेलेट टाकून दिला. शिवाय मायटोकॉन्ड्रिया काढताना बरेच वाया जातात पण डीएनए तुम्ही अख्ख्या पेशीचा मोजलाय, म्हणजे भागाकारात वरचा (टीफॅमचा) आकडा कमी, खालचा (डीएनएचा) पूर्ण. पेशी मोजून थेट एसडीएस (कडक डिटर्जंट) बफरमध्ये उकळा, त्याच फ्लास्कमधून डीएनए घ्या. स्टँडर्ड ऱ्हो-झिरोच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) मिसळून चालवा.

पिपेटवाला:
आणि क्यूपीसीआरचे प्रायमर (ठरावीक डीएनए पकडणारे छोटे तुकडे) ऱ्हो-झिरोच्या डीएनएवर तपासा, न्यूक्लियसमध्येही मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे असतात, तेही मोजले जातील.

जिनोमवाली:
बरं, उद्याच करते. लोडिंग कंट्रोलला (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन टाकलंय का ते बघायला) कॉक्स-फोर हे मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन चालेल ना?

कोकणकडा:
ऱ्हो-झिरोची लेन असेल तर नको, तिथे ते स्वतःच घटतं. व्हीडॅक (मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलातलं प्रथिन) लावा.